आवाज आला की खिडकीकडं पळू नका ओ

मागच्या रविवारी दुपारी आमच्या कॉलनीच्या मागं, कुपवाड रोडच्या अंगाला, एका भंगारच्या गोडाऊनला आग लागली. आधी धूर, मग फट्ट फट्ट असे बारीक आवाज, बहुतेक स्प्रेचे डबे फुटत असावेत, आणि दोन मिनिटांत आख्खी बिल्डिंग गॅलरीत, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आमचा भाचा सुट्टीला आलाय, तो स्लायडिंगच्या काचेला नाक लावून उभा, "मामा या की, लई भारी दिसतंय." मी जो काय ओरडलो, शेजारच्या काकू आग सोडून आमच्याकडं बघायला आल्या. सगळ्यांना आत पॅसेजमध्ये नेऊन बसवलं, आईसकट. पुढं काहीच झालं नाही, बंब आला, अर्ध्या तासात विझली. तेव्हापासून घरात माझी टिंगल चाललीय, म्हणून एकदाच सगळं लिहितो, घरच्यांनी पण वाचा.

मी मिरजेत एक्सरे काढतो, बावीस वर्षं झाली. स्फोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं आग, भाजलेली माणसं येतात. ती असतातच, पण स्फोट मोठा असला आणि गावात झाला की दवाखान्यात येणाऱ्यांत काचेनं कापलेले लई असतात. तोंड, मान, हात, आणि डोळे. आणि ही माणसं स्फोटाच्या जवळची नसतात, लांबची असतात, बघत उभी असलेली.

याचं साधं गणित आहे. उजेड लगेच दिसतो, दाबाची लाट मागनं येते, आवाजाच्या वेगानं धरलं तर किलोमीटरला साधारण ३ सेकंद. तेवढ्यात माणूस काय करतो? "काय झालं रे?" म्हणून खिडकीत जातो. स्कूटरच्या टायरात आपण २५-३० पीएसआय हवा भरतो ना, त्याच मापात सांगायचं तर कानाचा पडदा ५ च्या आसपास फाटायला लागतो आणि खिडकीची साधी काच १ च्या आतच जाते. म्हणजे जिथं तुमच्या कानाला पण काही होणार नाही तिथं काच मात्र सुऱ्या होऊन अंगावर येते. फुप्फुसाला इजा व्हायला याच्या कितीतरी पट दाब लागतो, ते जवळच्यांना होतं, नाहीतर रेल्वेच्या डब्यासारख्या बंद जागेत, जिथं लाट भिंतीवर आपटून परत अंगावर येते. आणि ते वरनं दिसत नाही, माणूस बोलत असतो आणि काही तासांनी दम लागतो. म्हणून जवळ असलेल्यानं "मला काय झालं नाही" म्हणून घरी जाऊ नये, तपासून घ्यावं.

१९१७ साली ६ डिसेंबरला कॅनडात हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचं जहाज दुसऱ्या जहाजाला धडकून पेटलं. वीसेक मिनिटं जळत होतं, सकाळची वेळ, गाव घराघराच्या खिडक्यांतनं बघतंय. मग ते उडालं. सुमारे ९ हजार जखमी, त्यात हजारो जणांच्या डोळ्याला इजा. लेबनॉनमध्ये बैरुतला ४ ऑगस्ट २०२० ला तेच, आधी धूर, फटाक्यासारख्या ठिणग्या, लोक गॅलरीत मोबाईल धरून, आणि मग बंदरात साठवलेलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट, म्हणजे खतात आणि स्फोटकांत वापरतात ते रसायन, उडालं. दोनशेच्या वर माणसं गेली, हजारो जखमी. बंदराजवळचं सेंट जॉर्ज हॉस्पिटलच मोडलं, नर्स गेल्या, पेशंट पार्किंगमध्ये आणून बघितले, आणि एका बाईचं बाळंतपण मोबाईलच्या टॉर्चवर केलं! (हे वाचल्यापासून मी आमच्या एक्सरे रूमची बॅटरी आठवड्याला चेक करतो.) आपल्या मुंबईत १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाज आधी पेटलं आणि मग उडालं, आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्यासाठीच दरवर्षी अग्निशमन सप्ताह असतो. त्यांना जवळ जाणं भाग होतं. आपल्याला कुणी बोलावलेलं असतं?

उलट उदाहरण पण आहे. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला आकाशात उल्का फुटली, डोळे दिपले, लोक खिडकीत गेले, दोनेक मिनिटांनी लाट आली. दीडेक हजार जखमी, बहुतेक काचेनं. तिथल्या एका शाळेत चौथीच्या बाईंनी उजेड बघितल्याबरोबर पोरांना बाकाखाली घातलं, ४४ पोरं. एकाला काच लागली नाही, बाईंना मात्र लागली.

आपल्याकडं मॉक ड्रिलमध्ये बंबाचा पाईप कसा धरायचा ते दाखवतात. खिडकीपासनं लांब व्हा, तिच्याकडं पाठ करा, खाली बसा, हे मी अजून एकाही ड्रिलला ऐकलं नाही. २०१९ च्या पुरात पाणी वाढत असताना सांगलीच्या आयर्विन पुलावर बघायला गेलेली माणसं आपलीच, मी पण गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

दवाखान्यातलं पण सांगतो. पहिल्या पंधरा मिनिटांत जे येतात ते चालत येतात, रिक्षानं, टू-व्हीलरवर, थोडं खरचटलेले, आणि सगळे जवळच्याच दवाखान्यात. खरे सिरियस मागनं येतात, कारण त्यांना ढिगाऱ्यातनं काढावं लागतं. एकदा एका ठिकाणी, नाव घेत नाही, बॉयलर फुटल्यावर मी हेच बघितलंय, दोन टाक्यांचे पेशंट कॉटवर आणि भाजलेला माणूस दारात. तुम्हाला चालता येत असेल तर थोडं लांबच्या दवाखान्यात जा, मागनं येणाऱ्याला जागा ठेवा.

आणि काच घुसली असेल तर उपटू नका. डोळ्यात असेल तर चोळायचं नाही, पाणी मारायचं नाही, वरनं कागदी कप उलटा ठेवून चिकटवायचा, दाब द्यायचा नाही. आणि कुणी म्हणालं "काच एक्सरेत दिसत नाही" तर ऐकू नका. दिसते. लाकडाची कपची, प्लास्टिक दिसत नाही, काच बहुतेक दिसतेच. कुठंतरी न बघता टाके घातलेला हात सात महिन्यांनी माझ्या टेबलावर आलाय, आत दोन तुकडे, फिल्मवर स्वच्छ.

परवा रात्री जेवताना धाडकन आवाज आला. मी ताट सोडून भिंतीकडं तोंड करून खाली. बायको, भाचा हसून हसून लोळले. आई म्हणाली, "ऊठ आता, वरात आलीय."