‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका

इलेक्ट्रॉनिक पार्ट बंद होण्याबद्दलच्या एका लेखात ‘एनआरएनडी (नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही) शेरा असलेला पार्ट नव्या डिझाइनमध्ये घेऊ नका’ असा सल्ला आहे. तो बरोबरच आहे, पण शेरा कुठे पाहता ते महत्त्वाचं. वितरकाच्या साइटवरची ‘अ‍ॅक्टिव्ह’ (उत्पादन चालू) ही नोंद जुनी असू शकते. उत्पादकाच्या पानावर पार्टचा पूर्ण ऑर्डरिंग कोड (पॅकेजसकटचा क्रमांक) टाकून पाहा. एकाच चिपचं डिप पॅकेज (लांब पायांचं, बोर्डाच्या भोकांत बसणारं) बंद आणि एसओआयसी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारं छोटं पॅकेज) चालू, असं सर्रास असतं.

जेडेक या सेमीकंडक्टर उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकानुसार पार्ट बंद होत असल्याची उत्पादकाची सूचना आल्यापासून शेवटच्या ऑर्डरला किमान ६ आणि शेवटच्या डिलिव्हरीला १२ महिने मिळायला हवेत. ती सूचना खरेदी विभागाच्या मेलमध्येच पडून राहिली तर काय उपयोग?

आणि बंद पार्टच्या जागी दुसऱ्याच्या पिना जुळल्या म्हणजे पर्याय मिळाला असं नाही. एलएम १११७ या व्होल्टेज रेग्युलेटरला आउटपुट कपॅसिटरचा ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) ०.३ ते २२ ओहम लागतो, म्हणून तिथे टँटलम कपॅसिटर; सिरॅमिकचा ईएसआर याहून फार कमी असतो. सिरॅमिकवर चालणारा दुसरा १११७ घेऊन कपॅसिटरही बदललात आणि पुढे टंचाईत परत एलएम १११७ बसवलात, तर रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट स्थिर न राहता वेगाने वर-खाली होतं. मल्टिमीटरवर ३.३ व्होल्ट छान दिसतात. ऑसिलोस्कोप लावल्यावरच भानगड कळते. तेव्हा बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) पर्यायी पार्टसमोर त्याचा कपॅसिटरही लिहा.