स्वल्पविरामांनी जोडलेला अ‍ॅरे

सी किंवा सी++ मधल्या प्रोग्रॅममधून लुआ किंवा पायथन या स्क्रिप्टिंग भाषेतलं फंक्शन कॉल करायचं म्हटलं की एक ठरलेला सल्ला हमखास कानावर येतो: ‘स्क्रिप्टला सुटा आकडा द्या, स्ट्रिंग द्या, पण अ‍ॅरेच्या (आकड्यांच्या रांगेच्या) भानगडीत पडू नका. अगदीच अडलं तर स्वल्पविराम लावून एक स्ट्रिंग करा आणि पलीकडे तोडा. नाहीतरी प्रत्येक आकड्याची कॉपी होतेच, वेग जातोच. आणि स्क्रिप्ट चुकली की अख्खा प्रोग्रॅम आडवा होतो.’ यात चार विधानं आहेत. एकेक घेऊ.

आधी ‘भानगड’. लुआमध्ये काम एवढंच: फंक्शन स्टॅकवर (सी आणि लुआ यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या चळतीवर) ठेवायचं, त्यावर एक रिकामा टेबल, म्हणजे लुआची यादी, बनवायचा, लूपमध्ये एकेक आकडा ढकलून ‘लुआ_रॉसेटआय’ने टेबलात बसवायचा आणि शेवटी फंक्शन कॉल करणाऱ्या ‘लुआ_पीकॉल’ला एक आर्ग्युमेंट आहे असं सांगायचं. दहाएक ओळी. खड्डा आहे तो वेगळाच. सीचा अ‍ॅरे ० पासून मोजतो, लुआ १ पासून. अधिक एक करायला विसरलात तर पहिला आकडा ० या किल्लीखाली जाऊन बसतो आणि टेबल वाचणाऱ्या ‘आयपेअर्स’ला तो दिसतच नाही. एरर नाही, काही नाही. उत्तर फक्त थोडंसं चुकतं. काही जण टेबल टाळून सगळे आकडे सुटे सुटेच स्टॅकवर रचतात. जागा मागून न घेता तिथे २० खणांचीच हमी असते. मग भानगड होणारच!

आता ‘स्ट्रिंग सोपी’. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये तीन रीडिंग होती: २.५, ३.७५ आणि ४. ती सीच्या प्रिंटएफ या छपाईच्या फंक्शनने जोडून स्क्रिप्टला द्यायचो, स्क्रिप्ट सरासरी काढायची. माझ्या मशीनवर ३.४२ यायचं. जर्मन सेटिंगच्या एका मशीनवर आलं २,०८,३३४.८३. प्रोग्रॅम सुरू होताना सिस्टीमचं लोकेल (भाषा-देशाचं सेटिंग) उचलत होता, आणि जर्मनमध्ये दशांशचिन्हच स्वल्पविराम असतं. त्यामुळे स्ट्रिंग झाली ‘२,५०००००,३,७५००००,४,००००००’. स्क्रिप्टने इमानेइतबारे तोडली आणि तिला सहा आकडे मिळाले: २, पाच लाख, ३, साडेसात लाख, ४ आणि शून्य. स्क्रिप्टची चूक काय?

बरं, लोकेल सांभाळलं तरी प्रिंटएफची नेहमीची ‘एफ’ पद्धत दशांशानंतर सहाच अंक ठेवते. डबल (सीचा ८ बाइटचा दशांश आकडा) जसाच्या तसा परत मिळण्याची खात्री हवी तर १७ सार्थ अंक लिहावे लागतात. हे कळेपर्यंत ‘सोपा’ मार्ग चांगलाच लांब झालेला असतो.

‘कॉपी होतेच’ हे लुआच्या टेबलापुरतं खरं आहे. पण स्ट्रिंगमध्ये आकड्याचा मजकूर आणि मजकुराचा पुन्हा आकडा होतो, म्हणजे त्याहून जास्त काम. पायथनमध्ये तर विधानच टिकत नाही. दहा लाख डबल म्हणजे ८० लाख बाइट, साधारण ८ एमबी. त्यांची लिस्ट केली तर ६४-बिट सीपायथनमध्ये (पायथनची नेहमीची आवृत्ती) प्रत्येक फ्लोटचे २४ बाइट आणि लिस्टमधल्या पॉइंटरचे ८, म्हणजे ३२ एमबी. तोच अ‍ॅरे बफर (मेमरीचा सलग तुकडा) म्हणून दाखवला तर नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी थेट तुमचीच मेमरी वाचते. एकही आकडा हलत नाही. हा गैरसमज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. सी++ आणि पायथन जोडणाऱ्या पायबाइंड११ मध्ये नमपाय अ‍ॅरे बनवताना नुसता पॉइंटर दिला आणि मालक कोण ते सांगितलं नाही, तर लायब्ररी गुपचूप कॉपी करते. मालक दिला की करत नाही.

आणि ती कॉपी करते ते शहाणपणाने करते. समजा स्क्रिप्टने तुमचा अ‍ॅरे एखाद्या ग्लोबलमध्ये ठेवून दिला, फंक्शन संपलं, आणि इकडे तुम्ही मूळ व्हेक्टरमध्ये (सी++ ची वाढणारी रांग) आणखी एक आकडा घातला. व्हेक्टरला जागा अपुरी पडली, तो दुसरीकडे राहायला गेला. स्क्रिप्ट अजून जुन्याच पत्त्यावर वाचते आहे! कॉपी टाळायची असेल तर स्क्रिप्टच्या हातात अ‍ॅरे असेपर्यंत मेमरी कोण धरून ठेवणार हे आधी ठरवा. एवढा ताबा नको असेल तर सरळ कॉपी करा. ८ एमबीची कॉपी म्हणजे काही डोंगर नव्हे.

राहिलं ‘प्रोग्रॅम आडवा होतो’. ‘लुआ_कॉल’ने उघड्यावर कॉल केलात आणि वर कुठे संरक्षण नसेल तर होतो, बरोबर आहे. ‘लुआ_पीकॉल’ वापरलं तर शून्याऐवजी एररचा कोड परत येतो आणि संदेश स्टॅकच्या माथ्यावर मिळतो. पायथनमध्ये कॉलचं उत्तर नल येतं आणि एक्सेप्शन तुमची वाट बघत थांबतं. तिथे प्रोग्रॅम खरोखर आडवा होतो तो बहुधा जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) न घेता दुसऱ्या थ्रेडमधून पायथनला हात लावल्यावर, आणि त्यात अ‍ॅरेचा काही संबंध नाही. लुआत मात्र तो संदेश वाचून झाल्यावर स्टॅकवरून काढायला विसरू नका. मी विसरलो होतो; दर चुकीला एक संदेश साठत गेला आणि प्रोग्रॅम पडला तेव्हा भलत्याच ओळीवर पडला.