गिऱ्हाइकाचं वय कसं तपासावं

परमिट रूम काढताय? छान. मग पाटीवरचा ‘परमिट’ हा शब्द आधी समजून घ्या, ‘रूम’ तर तुम्ही भाड्याने घेतलीच आहे. महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे, फक्त नावातली मुंबई जाऊन तिथे महाराष्ट्र आला. पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० ला, आयुष्यभराचा १००० ला. आणि हा परवाना कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण कागदोपत्री रुग्ण. तेव्हा गल्ल्यावर बसताना चेहरा जरा डॉक्टरसारखा ठेवा. डॉक्टर वय विचारतात, तेवढं सोडून.

वयाचा नियम असा: बिअरला २१, त्याहून कडक काही हवं तर २५. वेटरांच्या हे लक्षात राहत नाही, म्हणून सोपी खूण सांगतो. नगरसेवक व्हायला २१ लागतात, आमदार व्हायला २५. नगरसेवकाला बिअर, आमदाराला व्हिस्की. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक व्हिस्कीसाठी हटूनच बसलं, तर त्याला पत्रादेवीचा रस्ता दाखवा. नाका ओलांडला की गोव्यात २१ पुरतात. एसटीच्या एका तिकिटात माणूस चार वर्षांनी मोठा होतो.

आता वय तपासायचं कसं? कार्ड मागायचं. कार्ड मागणं वेगळं आणि वय तपासणं वेगळं, असं ज्याला वाटतं त्याने या धंद्यात पडूच नये. शक्यतो आधारच मागा. नव्या आधारवर स्वच्छ छापलेलं असतं की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा नाही. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधार बाजूला सारून शाळा सोडल्याचा दाखला धरला. पण शाळा सोडल्याचा दाखला खिशात घालून दारू प्यायला कोण येतं? (कोणी आलाच तर त्याला आत घेऊ नका. शाळा नुकतीच सुटलेली असणार.)

कार्ड नुसतं बघून परत देऊ नका. बघितलं हे एक्साइजच्या साहेबांना कसं दाखवणार? झेरॉक्स घ्या. नसेल तर वेटरच्या मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचा. मागच्या बाजूला पत्ता असतो. पत्त्यावरून वय कळत नाही, पण असू द्यावा. वेटर तीन महिन्यांत गावी निघून जातो आणि फोटो त्याच्याबरोबर जातात, त्यामुळे तुमची जागाही अडत नाही.

एखादा वाचन केलेला भेटेलच. तो सांगेल की २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांचा आधार मागण्याचा रस्ता बंद केला. त्याला म्हणा, ‘बरं साहेब, मग पॅन द्या.’ कोणी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुढे केलं, तर संशयाने बघा. मे २०२२मध्ये आधारच्याच बेंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं की झेरॉक्स कोणालाही देत सुटू नका, हॉटेलं आणि सिनेमागृहांना तर ती घेण्याचा अधिकारच नाही. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं आणि नेहमीचं तारतम्य बाळगा असं सांगितलं. तुमच्याकडे तारतम्य आहे, झेरॉक्स मशीनही आहे.

राहिलं एका दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक, गिऱ्हाइकांच्या नावावर फाडायचं. ते रात्री हिशेब मिटवताना एकदमच भरायचं. नावं कुठून आणायची? गणपतीचं पावतीपुस्तक असतं, वेटरच्या गावची अख्खी भावकी असते. आजोबांच्या नावावर दोन वेळा फाडू नका, एवढं पथ्य पाळा.

कधीकधी मात्र प्रकरण अंगाशी येतं. १९ मे २०२४ला पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, असं पोलिसांनी सांगितलं. त्याआधी पबमध्ये दीड तासात ४८ हजारांचं बिल झालं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. एवढं बिल होईपर्यंत पोराचं वय कोणाला दिसलं नाही. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. बालकाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड असं कलम बाल न्याय कायद्यातच आहे, पण ते वाचायला निबंधापेक्षा जास्त वेळ लागतो.

अशा दिवसांत दारावरच्या बाउन्सरला एकच सूचना द्या: ज्याचं वय लांबूनच दिसतंय, त्याचं कार्ड आधी मागा. माझं टक्कल दिव्याखाली चमकत असताना माझं मागितलं होतं. पन्नाशीचा माणूस वाद घालत नाही, उलट सुखावतो. सतरा वर्षांचा वाद घालतो, बापाचं नाव सांगतो, मागे रांग खोळंबते.

वर्षभरात झेरॉक्सचा गठ्ठा बराच साठतो. २०२३चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, काम झालं की माहिती पुसून टाका. रद्दीवाल्याला दिली की पुसल्यातच जमा. परवा एका परमिट रूमबाहेरच्या गाडीवर खारे शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आत कोणाचं तरी आधार, फोटो तेलाने पारदर्शक झालेला. जन्मसाल २००९. वाचायला मला चष्मासुद्धा लागला नाही.