राग जपून ठेवा, कामी येईल

नागपूरचा माणूस मे महिन्यात स्वतःला किती जपतो, हे बघण्यासारखं असतं. अकरा वाजले की पडदे ओढायचे. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि निघण्याआधी ग्लासभर पन्हं. गाडी उभी करायची तीही लिंबाखाली, मग तिथून दुकान अर्धा फर्लांग लांब पडलं तरी चालेल. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. तो आकडा आपण पाहुण्यांना अजूनही असा सांगतो, जणू तो आपणच चढवला.

एवढ्या काटकसरीने वाचवलेली ताकद खर्च कुठे करायची, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर ऐका: रागावर. वीस वर्षांचा अनुभव आहे, फुकट सांगतो.

मुख्य पथ्य एकच. जागच्या जागी रागवायचं नाही. तिथल्या तिथे बोललं की राग संपतो आणि माणूस रिकाम्या हाताने घरी येतो. कोणी लावून बोललं तर हसायचं, "जाऊ द्या ना भाऊ" म्हणायचं, आणि माल तसाच घरी आणायचा. लोणच्यासारखा मुरू द्यायचा. रात्री दोन वाजता बरणी उघडा. सकाळी न सुचलेली एकेक झणझणीत उत्तरं तेव्हा सुचतात. ऐकायला समोर कोणी नसतं, हा फायदाच. उलट उत्तर येत नाही.

नमुना म्हणून माझं एक काम दाखवतो. गेल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, शेजाऱ्याने त्याची गाडी माझ्या फाटकासमोर लावली. कव्हर घालून, व्यवस्थित. माझी स्कूटर निघायची, पण हँडल वाकडं करून, आणि दर वेळी आरसा भिंतीला घासायचा. मी चार दिवस त्याच्याशी भांडलो. म्हणजे मनातल्या मनात, पण तयारी पूर्ण होती. पहिल्या दिवशी फक्त गाडीचा विषय होता. दुसऱ्या दिवशी त्याने तीन वर्षांपूर्वी नेलेली आणि परत न केलेली शिडी आली. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. चौथ्या रात्री, खिडकीतून ते कव्हर दिसू नये म्हणून मी खिडकीच लावून घेतली आणि कूलर फुल्ल केला.

आता कूलरचं शास्त्र इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. ओल्या ताटीतून कोरडी हवा आत यायला हवी आणि समोरच्या खिडकीतून ती बाहेर जायला हवी. वाट बंद केली की खोलीत नुसती ओल साचते. अर्ध्या तासात चादर अंगाला चिकटली. बायको उठली. "खिडकी काऊन लावली? दम कोंडून राहिला ना!" मी म्हटलं, तुला नाही समजणार. तिने खिडकी उघडली आणि दोन मिनिटांत झोपली. काही लोकांना साधनेचं गांभीर्यच नसतं.

पाचव्या दिवशी शेजारी रिक्षातून उतरला, हातात बॅग. पुण्याला गेला होता, आगगाडीने. म्हणजे चार दिवस मी गाडीच्या कव्हराशी भांडत होतो. मला बघून म्हणाला, "अबे, तुले त्रास झाला काय? किल्ली तर घरीच होती. एक फोन करायचा ना!" फोन केला असता तर दोन मिनिटांत मिटलं असतं, हे मलाही कळतं. पण मग उरलेले चार दिवस मी काय करणार होतो?

या पद्धतीला विज्ञानाचाही आधार आहे. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ सालीच पुस्तक लिहून दाखवून दिलं की रागात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, यकृत रक्तात साखर ओततं, काळजाचे ठोके वाढतात आणि पचन थांबतं. लढायची नाही तर पळायची तयारी. आपलं शहर ताडोबाच्या वाटेवर, त्यामुळे वाघासाठी अशी तयारी असणं गैर नाही. वाघ काही येत नाही, येतो तो कुटुंबाच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. पण शरीराला त्यातला फरक कळत नाही, ते तितक्याच इमानदारीने कामाला लागतं. सकाळी खाल्लेला तर्री-पोहा दुपारपर्यंत छातीशी बसून राहतो, तो उगाच नाही.

कोणी सांगेल, उशी बडवा, राग निघून जातो. बडवाच. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने अपमान केला त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणारे विद्यार्थी शेवटी जास्त चिडलेले निघाले, आणि काहीही न करता दोन मिनिटं गप्प बसलेले सर्वांत कमी. तेव्हा गप्प बसण्याची चूक करू नका. उशी कापसाची घ्या, टिकते.

एका दिवसापासून मात्र सांभाळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. भोसल्यांच्या बांकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, याचा राग या शहराने एकोणिसाव्या शतकापासून धरून ठेवला आहे. इथवर सगळं माझ्या शास्त्राप्रमाणे. घोटाळा पुढे होतो. लोक तो राग वर्षातून एकदाच बाहेर काढतात, काळी आणि पिवळी मारबत मिरवतात, महागाईपासून रस्त्यांपर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, काढून टिंगल करतात, शेवटी जाळून टाकतात आणि घरी जाऊन पोटभर जेवतात. इतक्या वर्षांची ठेव अशी उधळायची!

यंदा शेजारी मला ओढून घेऊन गेला. त्याच गाडीतून. इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळी समोर आली आणि गर्दी एका आवाजात उठली, "घेऊन जा गे मारबत!" शेजारी हात वर करून ओरडत होता. मध्येच माझ्याकडे वळला. "तू काऊन चूप? ओरड ना बे!" गळा बसला आहे, मी म्हटलं.

परत आलो तर गाडी कोणा अनोळखी माणसाच्या फाटकासमोर लावलेली. घरमालक आत स्कूटरवर बसलेला, हेल्मेट घालून, कधीपासून कोण जाणे. शेजाऱ्याने हात जोडले. "सॉरी भाऊ, गर्दीत ध्यानातच नाही आलं."

तो हसला. "जाऊ द्या ना भाऊ."

ते हसू मी बरोबर ओळखलं. माणूस मुरलेला होता.