नागपूरचा पाऊस आणि माणसाविना फिरणाऱ्या नौका

“समुद्रात मानवरहित संशोधन नौका सोडणे म्हणजे पैशाची उधळपट्टी आहे, उपग्रहांना सगळे दिसतेच, वादळात या नौका टिकत नाहीत आणि विदर्भाचा समुद्राशी संबंधच काय?” अशा आशयाचा मजकूर नागपुरात मोबाइलवर बराच फिरतो आहे. त्यातील एकही मुद्दा तपासणीला उतरत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा, म्हणून तो आधी घेतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि पूर्व विदर्भाला मोठा पाऊस देतात. भंडारा-गोंदियातील धानाची रोवणी ज्या पावसाची वाट पाहते, त्यातला बराचसा याच वाटेने येतो.

उपग्रहांचे काम मोलाचे आहे, पण ते सगळे पाहत नाहीत. इन्फ्रारेड उपकरणाला पाण्याच्या मिलिमीटरहूनही पातळ थराचे तापमान कळते आणि ढग आले की तेही कळत नाही. सूक्ष्मलहरींवर (मायक्रोवेव्हवर) चालणाऱ्या उपकरणांना ढग अडवत नाहीत, मात्र मुसळधार पावसात आणि किनाऱ्याजवळ त्यांचे मोजमाप बिघडते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. शिवाय गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी उपसागरावर पातळ थरासारखे पसरते आणि त्याखाली उष्णता साठून राहते; ही साठलेली उष्णता वरून दिसत नाही. जगभरच्या समुद्रांत सोडलेले आर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे 4,000 तरंगते संच 2,000 मीटरपर्यंतची क्षारता आणि तापमान मोजतात; पण एक संच साधारण 10 दिवसांतून एकदाच वर येतो, आणि तेवढ्यात वादळ येऊन ओसरलेलेही असते. नौका मात्र वारा, हवेतील दमटपणा आणि पाण्याचे तापमान एकाच जागी, एकाच वेळी, सतत मोजते. समुद्र हवेला किती उष्णता देतो आहे, याचा हिशेब याच नोंदींवरून मांडता येतो.

वादळात या नौका टिकत नाहीत, हे तर सरळ खोटे आहे. 30 सप्टेंबर 2021 रोजी अटलांटिकमधील ‘सॅम’ या चक्रीवादळात सेलड्रोन कंपनीची सुमारे 7 मीटर लांबीची नौका शिरली, सुमारे 15 मीटर उंचीच्या लाटांत तग धरून राहिली आणि तिथूनच चित्रफीत व नोंदी पाठवत राहिली. तिथे माणसांसह जहाज पाठवण्याचा धोका कोणीही पत्करणार नाही.

खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही: महिनोन्‌महिने पाण्यात राहिलेल्या संवेदकांवर शेवाळ आणि शिंपले चढतात व मोजमाप हळूहळू सरकते, त्यामुळे नौका परतल्यावर ते पुन्हा तपासून घ्यावेच लागतात.