आणल्या दिवशी कोंबडीला आंघोळ घालू नका

लेअर फार्मवरून, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मवरून, काढून टाकलेली कोंबडी कापण्यासाठी नव्हे, तर सांभाळण्यासाठी घरी आणणारी काही मंडळी माझ्या ओळखीत आहेत. बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिला धुवायची कशी? माझे मत स्पष्ट आहे. धुवू नका, निदान लगेच तरी नकोच.

साधारण 72 ते 80 आठवड्यांची झाली की अंडी कमी झाली म्हणून ही कोंबडी विकली जाते. तोपर्यंत तिचे आयुष्य जाळीच्या पिंजऱ्यात गेलेले असते. मान आणि पाठ उघडी पडलेली, तुरा फिकट होऊन एका बाजूला कललेला, नखे वाढलेली, अशा अवस्थेत ती येते. जे दिसत नाही ते अधिक गंभीर असते. कवचासाठी शरीरातले कॅल्शियम सतत खर्च झालेले आणि चालण्या-उडण्याची संधी कधी मिळालेली नाही, त्यामुळे तिची हाडे ठिसूळ झालेली असतात. बाजारात पाय बांधून उलटी लटकावलेली अशी कोंबडी घरी पोहोचेपर्यंत पंख मोडूनही बसलेली असू शकते. तिला बादलीत बुडवणे म्हणजे उरलीसुरली ऊब काढून घेणे आहे. ती स्वच्छता आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठी असते, कोंबडीसाठी नव्हे.

याला अपवाद एकच, तो शेपटीखालच्या भागाचा. तेथे विष्ठा घट्ट चिकटून वाळली असेल, तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात, म्हणून तेवढे मात्र थांबू नये. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला मांडीवर घ्यावे, कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्या जागी धरून ठेवावे आणि खपली मऊ झाल्यावरच पुसावी. ओढून काढल्यास कातडी सोलते. अडकलेली पिसे कात्रीने कापावीत, मात्र नव्याने येणारी, नळीसारखी दिसणारी पिसे कापू नयेत, कारण त्यांत रक्त असते. नंतर तो भाग पूर्ण कोरडा करावा.

बाकीची आंघोळ ती स्वतः करते, आणि तिला त्यासाठी पाणी लागत नाही. छपराखाली पसरट घमेल्यात कोरडी माती आणि लाकडाची चाळलेली राख ठेवली, की पिंजऱ्याबाहेरची जमीन कधी न पाहिलेली कोंबडीसुद्धा काही दिवसांत त्यात लोळू लागते. हे तिला कोणी शिकवलेले नसते. राख ओली झाली तर उघड्या कातडीला झोंबते, त्यामुळे खानापूरकडच्या पावसाळ्यात हे घमेले कोरडे ठेवणे हेच मोठे काम होऊन बसते. शक्य असेल तर कोंबड्या पाऊस सरल्यावरच आणाव्यात, असे मी सुचवेन.

निपाणी भागात राखेत तंबाखूची भुकटी मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो. उवा मरतात हे खरे, परंतु निकोटीन कातडीतून शरीरात जाते आणि या कोंबडीची तर अर्धी कातडी उघडीच असते. हा सल्ला मानू नये. उवांची लिख पिसांच्या मुळाशी चिकटलेली असते व एकदाच औषध लावून ती मरत नाही. पशुवैद्याने दिलेले औषध आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे लागते. रात्री फटींतून बाहेर येऊन रक्त पिणारे बारीक तांबडे जीव मात्र कोंबडीच्या अंगावर नव्हे, तर खुराड्यात राहतात. म्हणून खुराडे आधी रिकामे करून, सांधे खरवडून, चुना लावून वाळवावे.

रुळवण्याच्या बाबतीत माणसे प्रेमाने ज्वारी टाकतात आणि कोंबडी खात नाही म्हणून घाबरतात. तिची चोच लहानपणीच छाटलेली असते, त्यामुळे जमिनीवरचा सुटा दाणा तिला नीट उचलता येत नाही. खोल भांड्यात ओलसर लेअर मॅश (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे भरडलेले तयार खाद्य) द्यावा. पाणीही ती निपलमधून, म्हणजे चोचीने दाबल्यावर थेंब सोडणाऱ्या तोटीतून, प्यायलेली असते, उघडे भांडे तिच्या ओळखीचे नसते. चोचीचे टोक एक-दोनदा हलकेच पाण्यात बुडवावे. अंधार पडल्यावर उचलून दांडीवर बसवावे. दांडी आधी अगदी बुटकी असावी, कारण उंचावरून उडी मारताना तिचे हाड मोडू शकते.

घरात गावठी कोंबड्या असतील, तर तीन-चार आठवडे दोघींना लांब ठेवावे. धोका दोन्ही बाजूंनी असतो: फार्मवरच्या कोंबडीला मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस मिळालेली असते, त्यामुळे ती आजारी न दिसताही रोग आणू शकते, आणि गावठीला ती लस बहुधा मिळालेली नसते; उलट गावठीच्या मातीतले जंत या नवख्या कोंबडीला सर्वस्वी नवे असतात. त्यानंतरही मध्ये जाळी ठेवून आधी एकमेकींना दिसू द्यावे.

“कापायची न्हाई तर आणलासा कशाला?” असे शेजारी विचारतातच, आणि अंड्यांचा हिशेब दाखवून त्यांना गप्प करण्याचा मोह होतो. तो टाळावा. फार्मवर दिवे लावून सोळा तासांपर्यंत वाढवलेला उजेड बंद झाला, की बहुतेक कोंबड्या पिसे गाळतात आणि अंडी थांबतात. ही विश्रांती त्यांना हवीच असते. या काळात शेंगदाण्याची पेंड आणि थोडी मीठ नसलेली सुकट द्यावी, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. पोट फुगलेले दिसले, किंवा कोंबडी शेपटी खाली पाडून पेंग्विनसारखी उभी राहू लागली, तर घरगुती उपाय न करता तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.