अस्सल चामड्याची खोगीरभरती

जुनी जावा किंवा येझदी मोटारसायकल रिस्टोअर करायला काढलीत ना? छान केलंत. इंजिन बांधून झालं, टाकीचं क्रोम चकाकायला लागलं, आता मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना चामड्याच्या पिशव्या लटकवल्या की काम फत्ते. या पिशव्या कशा निवडायच्या यावर आमचा अभ्यास नुकताच पूर्ण झाला आहे, बराच खर्चही झाला आहे. तो तुम्हाला फुकटात देतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चामड्याचं काम करणाऱ्या माणसाला चुकूनही विचारू नका. तो नसत्या शंका काढतो. 'गाडी घेऊन या, माप घेतो' म्हणतो. पट्टा सीटखालून जाणार की कॅरियरवरून, आत पाना-पक्कड ठेवणार की नुसते कपडे, असलं काहीबाही विचारून मूड घालवतो. त्यापेक्षा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर मागवून टाकावं.

फोटो मात्र नीट बघा. गाडी परदेशी, मागे बर्फाचे डोंगर, शेजारी एक दाढीवाला कॉफी पितोय, असं असेल तर डोळे झाकून पैसे भरा. पिशवीच्या आतल्या अंगाचा फोटो मागू नका. आत तंतू दिसले तर कातडं, कापडाची वीण दिसली तर रेक्झिन, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून तर तो फोटो कोणी टाकत नाही.

'जेन्युइन लेदर' असा शिक्का दिसला की निर्धास्त व्हा. कातड्याचा वरचा चांगला थर काढून घेतल्यावर खाली जो उरतो त्याला स्प्लिट म्हणतात. त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवून दाबाखाली सुरकुत्या उमटवल्या तरी हाच शिक्का सर्रास बसतो. आणि कातड्याचा चुरा गोंदात कालवून थापला असेल तर तो झाला बाँडेड लेदर. लेदर हा शब्द आहे ना त्यात? मग झालं तर.

वास घेऊन खात्री करा म्हणतात. जरूर करा, त्या वासाचा स्प्रे बाटलीत मिळतो.

इतिहासाची आवड असेल तर 'मिलिटरी डिस्पोजल' लिहिलेला माल सोडू नका. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या बीएसए मोटारसायकलींवर कॅनव्हासच्या पिशव्या असायच्या, पण तुम्हाला विकताना त्या चामड्याच्या होतात. एकाने तर मला पितळी पट्टीवर 'म्हैसूर 1958' असं कोरलेली जोडी दाखवली. म्हैसूरच्या कारखान्यातून जावा निघायला लागली 1961 साली. म्हणजे पिशव्या तीन वर्षं आधीच येऊन गाडीची वाट बघत बसल्या होत्या!

साडीगार्ड आड येतंय? कापून टाका, बायकोला रिक्षाने पाठवा.

आता बकलांचं बघू. पिशवी घरी आली की समोर दोन रुंद पट्टे दिसतील, त्यांवर जुनाट पितळेची देखणी बकलं. ती उघडायच्या भानगडीत पडू नका, कारण ती उघडतच नाहीत. नुसती शिवून ठेवलेली असतात. पट्टा उचलला की खाली निघतं लेडीज पर्सला असतं तसलं चुंबकाचं बटण! गाडीच्या पिशवीला चुंबक! जावाच्या मागच्या चाकाला काय हादरे बसतात हे ज्याने कधी पाहिलंय तो असलं बटण लावेल? माझ्या पिशवीचं झाकण खंबाटकी चढायच्या आधीच उघडलं. प्लगपाना, जादाचा प्लग, टू-स्ट्रोक ऑइलची बाटली, सगळं हायवेवर सांडलं आणि मागून आलेल्या टेम्पोने बाटलीचा पापड केला. पुढे पाऊस लागला. तासाभरात 'अँटिक टॅन' रंग माझ्या पँटवर आणि साइड पॅनलवर उतरला, पापुद्रे सुटले आणि आतून निघाला राखाडी पुठ्ठा. ओला होऊन फुगलेला, बोट लावलं तर लगदा. जावाला सायलेन्सर दोन्हीकडे असतात हे पिशवी बनवणाऱ्याच्या गावीही नव्हतं, त्यामुळे पुठ्ठा बसल्यावर पिशवीचं बूड खाली आलं, प्लास्टिक वितळलं आणि नव्याने केलेल्या क्रोमला असं चिकटलं की अजून खरवडतोय.

तक्रार केली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ''सर, हे लेदरचं नॅचरल कॅरेक्टर आहे. अ‍ॅनिमल प्रॉडक्ट आहे ना, सर.'' अहो, कुठल्या जनावराच्या कातडीखाली पुठ्ठा असतो? मारी बिस्किटाच्या खोक्याचा छापसुद्धा दिसत होता त्यावर! परत घ्या म्हटलं तर 'वापरलेला माल परत होत नाही'. न वापरता फुगला का तो?

ग्रुपवर फोटो टाका. पॅटिना म्हणजे वापरून वापरून कातड्यावर चढलेली झाक. पापुद्रे निघालेल्या पिशवीलाही 'खतरनाक पॅटिना, भावा' म्हणणारे भेटतात.

पण विकणाऱ्याला तरी किती बोलायचं? तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आहेत म्हणून त्याचा पुठ्ठा खपतो. मोबाइलवर बारा-चौदा हजार भरताना तुमच्या तोंडून शब्द निघत नाही आणि कोल्हापुरात, धारावीत किंवा तुमच्याच चौकात आरी-रापी घेऊन बसलेल्या माणसाशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालता. 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी दिसली तेव्हा 'आमची चप्पल चोरली' म्हणून तुम्हीच स्टेटस ठेवले होते ना? 2019 ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचे दाखले देत होता. त्या आठवड्यात किती जणांनी कारागिराच्या हातची एक तरी जोडी घेतली?

त्या माणसाकडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडं असतं. तीन-चार मिलिमीटर जाड, कड कापून बघा, आरपार तपकिरी. दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने तो टाके घालतो. एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. मशीनच्या शिवणीचं तसं नसतं. पावसात ते कातडं काळवंडतं, पण त्याला पापुद्रे सुटत नाहीत, कारण सुटायला त्यावर काही चिकटवलेलंच नसतं. असल्या कातड्याच्या, खऱ्या बकलांच्या पिशव्या तुमच्या गाडीला शोभतात. 'अँटिक लुक'साठी सँडपेपर मारलेलं रेक्झिन शोभत नाही.

तेव्हा गाडी घेऊन त्याच्या दुकानात जा. सायलेन्सरपासून चार बोटं जागा सोडायला सांगायची गरज नाही, ते त्याने तुमच्या आधी बघितलेलं असतं. कातड्याचे पैसे आगाऊ द्या. रोज फोन करून 'झालं का' विचारू नका. आणि त्याने किंमत सांगितली की 'ऑनलाइन तर याहून स्वस्त मिळतं' म्हणत मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरू नका, जरा तरी लाज बाळगा.